क्यूआर स्कॅन झाला, पण जकात झाली का?

विद्यापीठातल्या मुलामुलींना फोनवरून पैसे देणं कुणी शिकवावं लागत नाही. झेरॉक्सचे सुटे पैसे असोत की सेमिस्टरची फी, स्कॅन, आकडा, पिन, झालं. तरीही यांतले मुस्लिम विद्यार्थी जकात-सदका, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं आणि ऐच्छिक दान, डिजिटल पद्धतीने देतील का, यावर प्रबंध लिहायला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: "अॅप वापरायला सोपं वाटतं का?" उत्तर विचारण्याआधीच ठाऊक असतं. सगळे पाचपैकी चार-पाचवर खूण करतात, स्वीकार उत्तम असल्याचा निष्कर्ष निघतो, आणि संस्थेच्या खात्यात मात्र त्या उत्तमाचा पत्ता नसतो.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. आपण देतोय ते नेमकं कोणतं दान, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसतं. आणि पलीकडे ते कुणाच्या हातात पडतंय, याची त्याला खात्री नसते. सोपेपणाचा मुद्दा या दोहोंच्या खूप नंतर येतो.

आधी पहिलं. 'जकात अॅप' असं नाव दिलं की एकाच बटणाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. जकात फर्ज, म्हणजे सक्तीची, आहे. तिला निसाब, म्हणजे मालमत्तेची किमान मर्यादा, लागतो, त्या मालमत्तेवर चांद्रवर्ष पूर्ण व्हावं लागतं, दर अडीच टक्के ठरलेला आहे आणि ती कुणाला द्यायची हे कुराणाच्या नवव्या सूरेतल्या साठाव्या आयतीत आठ वर्गांत सांगितलेलं आहे. फित्रा हे रमजान ईदशी बांधलेलं दान. सदका ऐच्छिक, रक्कम कितीही, देण्याची वेळ कुठलीही. वक्फ म्हणजे मूळ रक्कम राखून तिचा लाभ पोहोचवणं. चौघांचे नियम वेगळे, म्हणून हिशेबही वेगळे ठेवावे लागतात. वसतिगृहात राहणाऱ्या, घरून आलेल्या पैशांवर महिना काढणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांवर मालमत्तेची जकात नसतेच. उलट त्यांतले काही जण जकात घेण्यास पात्र असतात. अशा मुलाला "तुम्ही डिजिटल जकात देण्यास तयार आहात का?" असं विचारून मिळालेलं 'हो' म्हणजे सज्जनपणाचं 'हो'. त्यातून वर्तनाचा अंदाज बांधता येत नाही.

मात्र "विद्यार्थी म्हणजे जकात नाही" हेही सरसकट खरं नाही, आणि इथेच कॅल्क्युलेटर गोंधळ घालतात. भारतीय उपखंडातला रूढ निसाब सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम, आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम. इतरत्र 85 ग्रॅम सोनं आणि 595 ग्रॅम चांदी असे आकडे जास्त दिसतात. हा फरक किरकोळ आहे. खरा फरक सोनं धरायचं की चांदी, यात आहे. सोन्याचा भाव चांदीच्या ऐंशी पट धरला तर 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीत जेमतेम 7.65 ग्रॅम सोनं येतं. एक तोळाही नाही. म्हणजे एका निसाबाने जो साहिबे-निसाब, म्हणजे निसाबाइतकी मालमत्ता असलेला, ठरतो, त्याच्या अकरापट मालमत्ता दुसऱ्या निसाबाला लागते.

आता एखाद्या विद्यार्थिनीच्या स्वतःच्या मालकीचे तीन तोळ्यांचे दागिने आहेत आणि बँकेत व वॉलेटमध्ये मिळून थोडीफार शिल्लक आहे असं धरा. हनफी मताने (हनफी, शाफई या इस्लामी कायद्याच्या परंपरा) वापरातले दागिनेही जकातीत धरतात. नुसतं सोनंच असतं तर साडेसात तोळ्यांपर्यंत ती मोकळी होती. पण सोन्यासोबत रोकडही आहे, म्हणून दोन्हींची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडायची. झाली ती साहिबे-निसाब. शाफई मताने अंगावर वापरायच्या दागिन्यांवर जकात नाही, म्हणून त्याच मालमत्तेवर तिच्या शाफई मैत्रिणीला काहीच लागू होणार नाही. कॅल्क्युलेटर मात्र मसलक, म्हणजे परंपरा कोणती, हे न विचारता मूळ सेटिंगमध्ये सोन्याचा निसाब धरून बसलेलं असतं आणि दोघींना एकच उत्तर देतं. दागिने आईचे की मुलीचे, हे तर ते विचारतच नाही. आणि मालकी कुणाची यावरच सगळं उभं आहे.

वॉलेटमधली शिल्लक रोकडच आहे, ती मोजायची. मित्राला दिलेले आणि परत येण्याची खात्री असलेले उसने पैसेही मोजायचे. हिशेबाच्या तारखेला खात्यात फीचे पैसे पडून असतील आणि फी भरायची मुदत उलटायला आली असेल, तर ते देणं वजा होतं. शैक्षणिक कर्जाबाबत आजचे अनेक जाणकार पूर्ण कर्ज वजा करू देत नाहीत, चालू हप्ता तेवढा वजा करतात. नाहीतर पुढची कित्येक वर्षं, चांगली नोकरी लागल्यावरही, जकात शून्यच निघेल.

तारखेचा घोळ वेगळाच. अॅप आठवण करून देतं इंग्रजी तारखेने. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. इंग्रजी तारखेवर अडीच टक्क्यांनीच देत राहिलं तर साधारण 33 वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात राहून जाते. म्हणून ज्यांना इंग्रजी तारीखच सोयीची आहे त्यांच्यासाठी दर 2.577 टक्के धरतात. चाळीस हजारांवर हा फरक एकतीस रुपयांच्या आत येतो, पण तो दरवर्षीचा आहे. यापेक्षा सोपी वाट म्हणजे निसाब पहिल्यांदा पूर्ण झाला ती हिजरी तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवणं. हिजरी कॅलेंडर दाखवायची सोय आजकाल बहुतेक फोनमध्ये असते.

हिशेब जमला, आता पैसे पाठवायचे. इथे गेटवेचं, म्हणजे पैसे पोहोचवणाऱ्या पेमेंट कंपनीचं, शुल्क मध्ये येतं. चाळीस हजारांवर जकात एक हजार. गेटवेने दोन टक्के कापले की संस्थेकडे 980 पोहोचतात. जकात वसूल करणारे, वाटणारे लोक त्या आठ वर्गांतला एक वर्ग आहेत, त्यामुळे संस्थेने वसुलीचा ठरावीक वाटा घेणं समजण्यासारखं आहे. इंडोनेशियात राष्ट्रीय जकात मंडळाच्या, बाझनासच्या चौकटीत हा वाटा जास्तीत जास्त आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के. पण गेटवे चालवणारी कंपनी काही त्या आठांत बसत नाही. सावध मार्ग म्हणजे शुल्क वरून भरायचं. बरीच अॅप 'शुल्क मी भरतो' असा चौकोन देतात, आणि त्यातही एक बारीक चूक सापडते: हजारावर वीस चढवून 1020 घेतात. दोन टक्के 1020 वर कापले जातात, म्हणजे 20.40, आणि पोहोचतात 999.60. बरोबर आकडा हजार भागिले 0.98, म्हणजे 1020.41. चाळीस पैशांचा प्रश्न आहे हे खरं, पण फर्जाचा हिशेब करणारं अॅप इतकं साधं गणित चुकवत असेल तर बाकीचं काय, असं अकाउंटन्सी शिकणाऱ्या मुलाच्या मनात येणारच.

सदक्यात शुल्काचा मार वेगळ्या जागी बसतो. विद्यार्थी देतो ते थोडं थोडं आणि वरचेवर. शुल्क दोन टक्के अधिक दर व्यवहारामागे तीन असं असेल, तर वीसच्या सदक्यातले 3.40 गेले. सतरा टक्के. दर आठवड्याला वीस दिले तर महिन्याला ऐंशीतले 13.60 जातात, तेच ऐंशी एकदम दिले तर 4.60. म्हणून 'रोजचा सदका' अशी योजना काढणाऱ्याने रोज फक्त नोंद घ्यावी आणि पैसे महिन्यातून एकदा वळते करावेत. इंडोनेशियाच्या केंद्रीय बँकेने क्यूआरआयएस ही एकसामायिक क्यूआर पद्धत 17 ऑगस्ट 2019 रोजी आणली, 1 जानेवारी 2020 पासून ती सक्तीची केली आणि सामाजिक देणग्यांवरचं व्यापारी शुल्क शून्य ठेवलं. तिथल्या मशिदींत क्यूआर इतका चटकन का पसरला याचं उत्तर बऱ्याच अंशी या शून्यात आहे. मात्र संस्थेने देणगीच्या वर्गात नोंदणी करायला हवी. साध्या दुकानाच्या वर्गात खातं उघडलं की शुल्क दुकानाचंच लागतं.

कॅशबॅकवरून मुलं हमखास अडतात. वॉलेट कंपनीने स्वतःच्या पैशातून पन्नास परत दिले आणि संस्थेला हजार पूर्ण पोहोचले, तर मुस्तहिकाचं, म्हणजे जकात घेण्यास पात्र माणसाचं, काही कमी झालेलं नाही. तरी मनात किंतु राहत असेल तर ते पन्नास सदक्यात घालावेत, विषय संपला. 'आत्ता द्या, पुढच्या महिन्यात फेडा' या बटणावर मात्र माझं मत कडक आहे: दानाच्या पानावर ते असूच नये. ज्याच्याकडे द्यायला नाही त्याच्यावर जकात नाही आणि कर्ज काढून सदका देण्याची अपेक्षा कुणी केलेली नाही.

आता दुसरी गाठ, अमानतीची, म्हणजे सोपवलेला पैसा नीट जपला जाण्याची. स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव हा विश्वासाचा पहिला आणि बहुतेकदा शेवटचा क्षण. एखादीच्या फोनवर हा क्षण कसा दिसतो ते पाहा. पोस्टरवर मशिदीचं नाव ठळक. स्कॅन केलं, आणि 'देयक कुणाला' या ओळीत एका अनोळखी गृहस्थाचं नाव. खजिनदाराचं वैयक्तिक खातं असेल, प्रामाणिक माणूस असेल, पण अंगठा पिनवर जायच्या आत मागे येतो. संस्थेच्या नावाचं खातं उघडायला चार कागद आणि दोन फेऱ्या लागतात म्हणून टाळलेलं काम असं महागात पडतं.

संस्थेच्या नावाचं खातं असूनही घोटाळा होतो, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. क्यूआरच्या प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकात व्यापाऱ्याच्या नावासाठी जास्तीत जास्त 25 अक्षरं आणि गावासाठी 15 अक्षरं असतात. 'जामा मस्जिद अँड मदरसा वेल्फेअर ट्रस्ट' हे नाव रोमन लिपीत लिहा आणि मोकळ्या जागांसकट मोजत जा. वेल्फेअरच्या पहिल्या अक्षरापाशी पंचवीस भरतात. पडद्यावर 'जामा मस्जिद अँड मदरसा डब्ल्यू' असं तुटकं नाव येतं. जामा मस्जिदी तर गावोगाव आहेत; ही आपलीच कशावरून? उपाय असा की नोंदणी करतानाच पंचवीस अक्षरांत बसेल असं, ओळखू येणारं छोटं नाव निवडायचं आणि तेच नाव पोस्टरवर कोडखाली छापायचं: "स्कॅन केल्यावर हेच नाव दिसलं पाहिजे." हा एक बदल अॅपच्या रंगरंगोटीपेक्षा जास्त काम करतो.

हे सांगायचं कारण आहे. एप्रिल 2023 मध्ये जकार्तातल्या मशिदींच्या दानपेट्यांवर एकाने स्वतःचे क्यूआर स्टिकर डकवले होते. त्यात दिसणारं नाव मशिदीच्या जीर्णोद्धाराचं वाटावं असं ठेवलेलं. कॅमेऱ्यांत तो दिसला, पकडला गेला. पण तोवर ज्यांनी दिलं त्यांना स्कॅन करताना काहीच खटकलं नव्हतं, कारण कोणतं नाव दिसायला हवं हे मुळात कुणी सांगितलेलं नव्हतं. छापील क्यूआर काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या आत ठेवावा, वर चिकटवलेला कागद बोटाने खरवडून पाहावा, आणि जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) नमाजाआधी कुणीतरी सर्वांत लहान रक्कम पाठवून ती खरंच संस्थेच्या खात्यात आली का ते बघावं. दोन मिनिटांचं काम.

छापील, म्हणजे स्थिर क्यूआरची आणखी एक खोट हिशेबाच्या वहीत उघडी पडते. रक्कम देणारा टाकतो, हेतू कुठेच जात नाही. संध्याकाळी वहीत दिसतं: पाचशे, दोनशे, हजार, पन्नास. यातली जकात कोणती? जकातीतून मशिदीचं वीजबिल भरता येत नाही, सदक्यातून येतं. खजिनदार मग अंदाज बांधतो, नाहीतर सगळंच सदका धरतो, आणि कुणाची तरी फर्ज जकात गालिचाच्या धुलाईत जाते. जकातीचा कोड वेगळा, सदक्याचा वेगळा, फित्र्याचा वेगळा, हा सर्वांत सोपा इलाज. तिन्ही वेगळ्या रंगांत छापावेत, आणि शेजारी शेजारी लावू नयेत, नाहीतर कॅमेरा भलताच कोड पकडतो. सोय असेल तर गतिमान क्यूआर घ्यावा. त्यात रक्कम, संदर्भ क्रमांक आणि व्यवहाराचा हेतू आधीच भरलेला असतो. इंडोनेशियातल्या देणगी संकेतस्थळांनी बँक ट्रान्सफरसाठी वेगळीच युक्ती काढली: एक लाख द्यायचे असतील तर शेवटी तीन आकडी खूण जोडून 1,00,123 पाठवायला सांगायचं, म्हणजे पैसे कुणाचे आणि कशासाठी ते ओळखता येतं. हिशेबाला नामी, पण नवख्याला "हे 123 कशाचे?" असा प्रश्न पडतो आणि तिथे एका ओळीचा खुलासा नसेल तर तो परत फिरतो.

नियतीबद्दल, म्हणजे देण्यामागच्या हेतूबद्दल, विद्यार्थी जितके घाबरतात तितकं कारण नाही. जकातीला नियत लागते, पण ती मनाची. पैसे बाजूला काढताना किंवा आपल्या वतीने वाटणाऱ्याला देताना केलेली पुरते. समोरच्याने हातात हात घेऊन "कबूल" म्हणणं ही तिची अट नव्हे. तरी ज्या मुलांनी लहानपणी मशिदीच्या टेबलाशी बसून, वसुली करणाऱ्याची दुआ ऐकत जकात दिलेली पाहिली आहे, त्यांना हिरवी टिकमार्क कोरडी वाटते. ही तक्रार खरी आहे. पैसे गेल्यावर दुआ दाखवणारी, आधी नियतीचे शब्द समोर ठेवणारी अॅप याच कारणाने आवडतात. व्यवहार 'प्रलंबित' राहिला तर मात्र घाई नको. पैसे खात्यातून गेले, पोचले नाहीत आणि दोन दिवसांनी परत आले, तर जकात झालेली नाही; पुन्हा द्यायची. परत आल्याचा संदेश न वाचता पुसून टाकणारे पुष्कळ असतात.

जुम्म्याच्या पेटीवर क्यूआर लावूनही तो चालत नाही, याचं कारण शोधायला सर्वेक्षण नको. पेटी फिरते खुतब्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाच्या, सुमाराला. खुतबा चालू असताना खड्यांशी चाळा करणाऱ्यानेही फुकटचं काम केलं, अशा अर्थाची हदीस (पैगंबरांचं वचन) सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. मग फोन काढून लॉक उघड, अॅप उघड, स्कॅन कर, आकडा टाक, पिन टाक हे कसं चालेल? जाण असलेला विद्यार्थी फोन खिशातच ठेवतो. नोट मात्र चटकन सरकवता येते. पेटीवरचा कोड काढून तो चपला काढायच्या जागी, वजूखान्याबाहेर आणि बाहेर पडायच्या दाराशी लावला की तोच विद्यार्थी तोच कोड वापरतो. नेटवर्क मिळतं का, हेही त्याच जागी उभं राहून बघावं. जाड भिंतींच्या तळघरात लावलेला क्यूआर शोभेचा असतो.

फित्र्याला घड्याळ असतं, ते ईदच्या नमाजापूर्वीचं. हनफी मताने तो साहिबे-निसाबावर. शाफई, मालिकी, हंबली मतांनी ईदच्या दिवसाचं पोटापुरतं बाजूला ठेवून ज्याच्याकडे उरतं त्या प्रत्येकावर. म्हणजे शाफई बहुसंख्य असलेल्या इंडोनेशिया-मलेशियात जवळपास प्रत्येक विद्यार्थी यात येतो, आणि विद्यार्थ्यांचं डिजिटल देणं खऱ्या अर्थाने तपासायचं तर ते फित्र्यावर तपासावं. प्रमाण एक साअ धान्य, अडीच ते तीन किलोच्या आसपास. हनफी हिशेबात गहू असेल तर अर्धा साअ. हनफी त्याची किंमत पैशात देऊ देतात. बाकी तिघांचं मूळ मत धान्यच द्यावं असं आहे, तेव्हा अॅपवरचे पैसे म्हणजे संस्थेला "माझ्या वतीने धान्य घेऊन द्या" अशी वकालत, म्हणजे मुखत्यारी. ती वकालत पानावर शब्दांत लिहिलेली हवी, आणि खरेदी-वाटपाला वेळ उरेल अशी मुदतही हवी. ईदच्या पहाटे, सगळे एकदम पैसे पाठवत असताना सर्व्हर दमतो आणि नमाज उभा राहतो. शहाणी संस्था आदल्या संध्याकाळी फित्र्याचा कोड बंद करते आणि उशिरा येणाऱ्याला जवळच्या माणसाकडे पाठवते. वसतिगृहातल्यांनी आधी घरी विचारावं: वडिलांनी सगळ्यांचा फित्रा आधीच दिलेला असतो आणि मुलगा इथे पुन्हा देतो. वाईट काहीच नाही, दुसरा सदका होतो, पण महिनाअखेरीला तोच पैसा जाणवतो.

रमजानच्या शेवटच्या दहा रात्री रोज थोडं आपोआप कापलं जाईल अशी सोयही आता मिळते. तिच्यात दिवस मध्यरात्री बदलतो. इस्लामी दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलतो. सत्ताविसावी रात्र म्हणजे सव्विसाव्या रोजाचा सूर्य मावळल्यावर सुरू होणारी. कापणी '27 रमजान, रात्री 10' अशी लावली असेल तर पैसे अठ्ठाविसाव्या रात्री जातात. वेळ मगरिबनंतरची लावायची तर तारीख एकाने मागे घ्यावी, आणि अॅपचं घड्याळ कोणत्या देशाचं आहे तेही पाहून घ्यावं.

दिल्यावर लगेच येणारं 'स्टेटसवर टाका' हे बटण बनवणाऱ्याला आकर्षक वाटतं. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत 271 व्या आयतीत उघड दान चांगलं म्हटलंय आणि गुपचूप गरिबाला दिलेलं त्याहून चांगलं. दोन्हीला वाव ठेवावा, पण मूळ सेटिंग नाव लपवण्याचं असावं. इंडोनेशियात देणगीच्या यादीत 'हम्बा अल्लाह', अल्लाहचा बंदा, या नावाच्या रांगाच्या रांगा दिसतात त्या उगीच नाहीत.

आता प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी. 1989 चं तंत्रज्ञान स्वीकाराचं मॉडेल कचेरीतल्या संगणक प्रणालींवरून उभं राहिलं आणि 2003 च्या एकत्रित मॉडेलने त्यात सामाजिक प्रभाव आणि पूरक सोयी आणल्या. ती मॉडेलं वाईट नाहीत. पण ज्या गोष्टीत सगळेच सारखे, तिच्यावरून माणसामाणसांतला फरक समजत नाही. सोपेपणाचे गुण सगळ्यांचे वरच्या टोकाला चिकटलेले असतील तर तो घटक निष्प्रभ निघणारच. पहिला प्रश्न गाळणीचा ठेवा: तुमच्यावर जकात लागू आहे का, नाही का, की माहीत नाही? 'माहीत नाही' हे उत्तर सर्वांत कामाचं. पुढचे प्रश्न जकात, फित्रा, सदक्याचे वेगवेगळे. विश्वास एका गाठोड्यात मोजू नका. पेमेंट कंपनीवरचा विश्वास आणि जकात वाटणाऱ्या संस्थेवरचा विश्वास या दोन गोष्टी आहेत, आणि मुलांचा पहिल्यावर असतो तेव्हाही दुसऱ्यावर असेलच असं नाही. विधानं त्यांच्या भाषेत लिहा: "दिलेले पैसे कुणाला मिळाले हे मला महिन्याभरात कळेल असं वाटतं." तीसेक जणांवर आधी चाचणी घ्या. अल्फा (विधानांची आपसातली सुसंगती) 0.70 च्या वर, सरासरी स्पष्टीकृत विचरण (एव्हीई) 0.50 च्या वर, दोन्ही विश्वासांमधलं एचटीएमटी (दोन मापं एकमेकांत किती मिसळतात त्याचा आकडा) 0.90 च्या खाली आलं तर ते खरोखर दोन आहेत असं म्हणता येईल. वर गेलं तर तुमची विधानं एकमेकांत मिसळली आहेत.

आणि इराद्यावर थांबू नका. रमजानमध्ये, इस्लामी अभ्यासाच्या वर्गात, प्राध्यापकांसमोर भरून घेतलेली प्रश्नावली इराद्याचे गुण फुगवते. "गेल्या तीन महिन्यांत फोनवरून किती वेळा दिलं, शेवटची रक्कम किती?" हा साधा प्रश्न पाचअंशी मोजपट्टीपेक्षा खरं सांगतो. त्याहून चांगलं: एकाच आवारात दोन पोस्टर, एकावर नुसता क्यूआर, दुसऱ्यावर क्यूआरसोबत गेल्या महिन्याच्या वाटपाचा हिशेब. दर आठवड्याला जागा अदलाबदल करा आणि दोन महिन्यांत कोणत्या कोडवर किती व्यवहार झाले ते मोजा. संस्थेची परवानगी घ्यावी लागेल, पण देणाऱ्यांची नावं लागत नाहीत. करसवलत हा घटक मात्र खुशाल वगळा. मलेशियात जकातीची रक्कम वैयक्तिक प्राप्तिकरातून वजा होते. ज्याला करच नाही त्या विद्यार्थ्याला त्याचं काय?

शेवटी एक प्रसंग जो विद्यार्थ्यांत फार होतो. वर्गातला एक जण फी भरू शकत नाही, मित्र आपल्या जकातीचे पैसे गोळा करून कॉलेजच्या पोर्टलवर थेट त्याची फी भरून टाकतात. भावना चांगली, पण हनफी मताने जकातीत पैशाची मालकी मुस्तहिकाकडे जावी लागते आणि इथे ती गेली कॉलेजकडे. दोन वाटा आहेत. एक, रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यात पाठवायची आणि फी त्याने भरायची. दुसरी, आधी त्याच्याकडून "माझी फी माझ्या वतीने भरा" असं सांगून घ्यायचं आणि मग भरायची. जकात आहे हे त्याला कळवणं आवश्यक नाही, त्यामुळे वॉलेटच्या टिपणात तो शब्द लिहू नये. टिपण त्याच्या फोनवरही दिसतं. आणि पूर्वी दिलेलं उसनं "चल, ते जकातीत धरलं" म्हणून माफ करायचं, हे बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या, मते चालत नाही. आधी जकात त्याच्या खात्यात टाका. ती त्याची झाली की मग त्याने तुमचं उसनं फेडलं तर फेडलं. फेडलंच पाहिजे अशी अट मात्र पाठवताना घालता येत नाही.